सातव्या मजल्यावरची माफी

जगात गुन्हेगार नसतातच, असतात ते फक्त संशयित, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके माझे चुलतसासरे निघावेत हे माझं नशीब. मी कोरेगावात वाचनालय सांभाळतो. तिथल्या रहस्यकथांच्या कपाटावर या आबांचा पहिला हक्क. पुस्तक परत येतं तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलीनं शेरा असतो: ‘नोकरावर संशय. कारण काळा रंग.’ ‘ड्रायव्हरवर संशय. कारण आडनाव.’ खून कुणी केला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही; पोलिसांनी आधी कुणाला धरलं आणि का, तेवढंच ते टिपतात. मी नियमांची पाटी दाखवली, तर म्हणाले, “पावनं, पुस्तकातलं पोलीस चुकत्यात ते चालतंय, आनि मी लिवलं की गुन्हा व्हय?”

शिरवळच्या एका लग्नात माझ्या नव्या चपला गेल्या. मी मांडववाल्याकडे नुसतं पाहिलं. झालं! आबांनी मला भर पंगतीतून उठवलं. “त्येच्याकडंच का बगितलंसा? काळा हाय म्हून? आदी माफी मागा त्येची.” मी मागितली. चपला माझ्या सासऱ्यांच्या पायांत निघाल्या, पण त्यांना कुणी पंगतीतून उठवलं नाही.

हे खूळ मुंबईचं. फौजेतून निवृत्त झाल्यावर आबा तिथे एका सात मजली इमारतीत वॉचमन होते. सातव्या मजल्यावरच्या बाईंचा हार हरवला आणि पोलिसांनी सगळ्यांत आधी यांना नेलं. रंग काळा, बोलणं गावाकडचं. पहिला प्रश्न हाराबद्दल नव्हताच, ‘तू कुणापैकी?’ असा होता. तिसऱ्या दिवशी हार बाईंच्याच पिठाच्या डब्यात सापडला. यांना सोडून दिलं. इमारतीतल्या कुणी माफीचा चकार शब्द काढला नाही. मला ते ऐकून अजून संताप येतो. आबांनी मात्र गावी येऊन कादंबरी लिहायला घेतली.

या कादंबरीत हार तिसऱ्याच पानावर सापडतो. पुढची दीडशे पानं इमारतीतली माणसं एकेक करून वॉचमनची माफी मागायला खाली येतात. एक जण रडतो, एक जण चहा आणतो. तिसऱ्या मजल्यावरचे साहेब स्वतः न येता कुत्र्याला पाठवतात, आणि आबांनी तेही गोड मानून घेतलंय. सांगलीचे माझे एक संपादक मित्र दिवाळी अंकात छापायला तयार झाले. “पण आबा, यात रहस्य कुठंय?” त्यांनी विचारलं.

“आता म्होरं कोन खाली येतंय, ह्येच की रहस्य!”

अंक छापून आला की एक प्रत त्या इमारतीत पाठवायची, एवढीच आबांची इच्छा. सहा मजले लिहून झाले, सातवा काही होईना. अंक छापायला जायला चार दिवस उरले तेव्हा मी म्हटलं, “आबा, ‘आमचं चुकलं’ एवढं लिहा आणि संपवा. नाहीतर मी लिहितो.”

“तुमी लिवून काय उपेग, पावनं? त्या बाई काय म्हनतील त्ये मला ऐकूच येत न्हाई.”

अंक त्यांच्या कादंबरीविनाच निघाला. कादंबरीची अपुरी वही आबांनी माझ्याकडे दिली, ती आता माझ्या टेबलावर आहे. शेवटची ओळ अशी आहे: ‘सातव्या मजल्यावरून लिफ्ट निघाली आणि वॉचमन उठून उभा राहिला.’ ती वाचली की वाटतं, त्याला म्हणावं, बसा हो आबा, किती वेळ उभे राहाल.