हातांनी धरलेला पडदा

पडदेबाईंना रॉक संगीत मुळीच आवडत नसे. कोणीतरी कानात खिळे ठोकतंय असं वाटतं, म्हणायच्या. तरीही एका रॉक गायकाच्या जाहीर कार्यक्रमाचा जो अल्बम निघाला, तो त्यांच्या हातांशिवाय निघालाच नसता.

एकतीस वर्षं त्यांनी एका नाट्यगृहाचे पडदे शिवले, सांधले, झटकले. खरं नाव मागे पडलं आणि सगळे त्यांना पडदेबाईच म्हणू लागले. पुढे नाट्यगृह बंद पडलं आणि तिथे मोटारींचं दुकान आलं. आठ मखमली पडद्यांना कोणी वाली उरला नाही, तेव्हा बाईंनी ते घरी आणले. घर दोन खोल्यांचं आणि राहणाऱ्या दोघी, बाई आणि त्यांची नणंद. दोघींनाही मागेपुढे दुसरं कोणी नव्हतं.

"वहिनी, तुमची मखमल पलंगावर लोळतेय आणि मी खाली सतरंजीवर," नणंद रोज कुरकुरायची. बाई हसून कोणाच्या तरी पँटची चेन बदलत बसायच्या. हल्ली कामं अशीच येत होती.

एके दिवशी नाट्यगृहातला जुना ध्वनिमुद्रक दारात उभा राहिला.

"बाई, अडलोय. एका गायकाला बस दुरुस्तीच्या जुन्या कारखान्यात कार्यक्रम करायचाय आणि तिथेच तो रेकॉर्ड करायचाय. त्याचे वडील जन्मभर तिथे बसखाली झोपून काम करायचे. त्याचा हट्ट चुकीचा नाही, पण वर पत्रा, भोवती उघड्या भिंती. एक टाळी वाजवली तर चारदा परत येते."

बाई कारखान्यात गेल्या. मध्यभागी उभं राहून त्यांनी टाळी वाजवली आणि डोळे मिटून ऐकलं.

"चार नाही, पाच," त्या म्हणाल्या. "कापड लागेल. पण सपाट टांगाल तर ती दुसरी भिंतच झाली. दाट चुण्या घालायच्या. आवाज चुण्यांत शिरला की वाट चुकतो."

अकरा दिवस शिलाई मशीन चाललं. जुने पडदे उसवून, जोडून, चुण्या घालून नवे करायचे होते. मखमलीचं ओझं एकटीला पेलत नसे, म्हणून नणंद ते पलीकडून धरायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. तिसऱ्या दिवशी खुद्द गायक आला. पंचेचाळिशीचा, किडकिडीत माणूस. त्याने नणंदेच्या हातातलं ओझं आपल्या मांडीवर घेतलं.

"बाबांना माझं गाणं कधी आवडलं नाही," तो थोड्या वेळाने म्हणाला. "कसला हा कल्ला, म्हणायचे."

"मलाही नाही आवडत," बाई म्हणाल्या.

नणंदेने कपाळावर हात मारला. गायक मात्र खळखळून हसला. "मग मावशी, शिवताय कशाला?"

"पडदे आवडतात म्हणून."

पाचव्या पडद्याची वरची कड विरली होती. बाईंनी तिला आतून जाड पट्टी लावली, पण शेवटच्या हातभर जागेला ती पुरली नाही. धरेल एवढं, असं म्हणत त्या पुढच्या पडद्याकडे वळल्या.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. तीनशे माणसं जमली. पहिली चार गाणी झाली आणि ध्वनिमुद्रकाने लांबूनच बाईंना अंगठा दाखवला. पाचवं गाणं ऐन रंगात असताना टर्रकन आवाज झाला. पाचव्या पडद्याची कड सुटली, ओझ्याने पुढच्या कड्या एकामागून एक निघत गेल्या आणि सगळी मखमल धप्पकन जमिनीवर आली. मागची भिंत उघडी पडली आणि ड्रमचा आवाज तिच्यावर आपटून परत येऊ लागला.

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं बाईंना झालं.

गाणं कसंबसं संपलं. "पडदा पडला, पण खेळ संपलेला नाही बरं का!" गायक माइकवर म्हणाला आणि लोक हसले. ध्वनिमुद्रक मात्र धावत आला. "शिडी लावून बांधायचं तर तास जाईल, आणि उजेडही जाईल. वरपर्यंत नको, माणसाच्या उंचीएवढा जरी उभा राहिला तरी चालेल."

बाईंनी पडद्याचा एक कोपरा उचलला आणि दोन्ही हात डोक्यावर ताणले. "सरक तिकडे," त्या नणंदेला म्हणाल्या. नणंदेने पहिल्यांदाच न कुरकुरता दुसरा कोपरा उचलला. मग गर्दीतून एक उंच माणूस आला, त्याच्यामागे दोन बायका, मग आणखी काहीजण. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. बघता बघता चाळीसेक माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मखमल पुन्हा उभी झाली.

चार गाणी ती माणसं तशीच उभी होती. शेवटचं गाणं संथ होतं, ग्रीसचा वास न जाणाऱ्या हातांबद्दलचं. ड्रमचा प्रत्येक ठोका मखमलीतून बाईंच्या तळव्यांत उतरत होता. खांदे भरून आले होते, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर त्या गायकाकडे गेल्या. "चूक माझी आहे. पट्टी कमी पडली आणि मी चालढकल केली."

त्याने त्यांचे हात हातात घेतले. "मावशी, बाबा म्हणायचे, बस बंद पडली की उतरून धक्का मारतो तो खरा प्रवासी. आज माझे प्रवासी उतरले. तुम्ही आधी उतरलात म्हणून."

तीन महिन्यांनी अल्बम आला. अल्बम काढणाऱ्या कंपनीला तो धप्प आवाज काढून टाकायचा होता, पण गायकाने ऐकलं नाही. वेष्टनावर वादकांच्या खाली 'पडदे' असं लिहून दोघींची नावं छापली होती. "माझं नाव दुसरं का?" म्हणून नणंद आठवडाभर फुगून बसली, आणि येईल त्याला ते वेष्टन दाखवत राहिली. कुठल्या कुठल्या सभागृहांतून बाईंना बोलावणी येऊ लागली.

बाईंच्या मनाला मात्र एक रुखरुख होती. ती चाळीस माणसं कार्यक्रम संपताच पांगली होती, एकाचेही आभार मानायचे राहिले होते.

पावसाळ्यानंतर एक शिक्षिका बॅग शिवून घ्यायला आली. भिंतीवर टांगलेलं वेष्टन पाहून म्हणाली, "मी होते तिथे. तुमच्या डाव्या हाताला, तिसरी. दोन दिवस मान वळत नव्हती माझी."

बाईंनी मशीन थांबवलं.  त्यांनी मखमलीचा गठ्ठा सरकवून पलंगावर जागा केली.

"बस गं बाई आधी," त्या म्हणाल्या. "चहा टाकते. तुला शोधत होते मी."