टेबलावरचं नवं

आमच्या देवजीदादाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते बाहेर निघत नसे. त्या वर्षी शिरलं होतं टेबल!

साठ सालानंतरची गोष्ट. मी गंगू, त्याची धाकटी बहीण. माझं लग्न व्हायचं होतं. आमच्या महापे गावात कारखान्यांसाठी जमिनी मोजायला सुरुवात झाली होती. आमचं शेत एकच, खाडीच्या बांधालगतचं. सगुणावहिनीचा त्यात जीव अडकलेला. ती लग्न होऊन आली तेव्हा तिथं नुसता खारा चिखल होता. पाटी पाटी माती टाकून तिनं ते पिकवलं. पोर काही तिला झालं नाही. बायका टोचून बोलायच्या, मग ही उठून सरळ शेतावर जायची. आता शेतच जाणार म्हटल्यावर बाईच्या घशाखाली घास उतरेना.

दादा ठाण्याला मोजणीच्या साहेबांकडे गेला आणि त्यांना बायकोसकट जेवायला बोलावूनच आला. म्हणे, घरी जेवला की साहेब नकाशावरची रेघ जरा सरकवेल. साहेबांच्या घरी फुलं ठेवलेलं जेवणाचं टेबल त्यानं बघितलं होतं. झालं! आपल्याकडेही तसंच पाहिजे.

शाळेतलं टेबल आलं. एक पाय आखूड, त्याखाली करवंटी सारली. शाईचे डाग झाकायला वहिनीचं लग्नातलं हिरवं लुगडं अंथरलं. दसरा नुकताच झाला होता, म्हणून मी तांब्यात झेंडू खोचले. दादा खेकसला, "सत्यनारायन घालायचा हाय का?"

मग त्याची नजर दाराकडे गेली. दसऱ्याला आम्ही शेतातली भाताची पहिली कणसं आंब्याच्या पानांत बांधून चौकटीवर लावतो. त्याला नवं म्हणतात. पुढच्या दसऱ्याचं आलं की मगच आधीचं उतरवायचं, मध्ये हात लावायचा नाही. दादानं ते ओढून काढलं आणि तांब्यात उभं केलं.

"अवो, ते नका काढू," वहिनी कळवळली.

"जेवून गेले का परत बांधू. शेत वाचवायचं हाय ना तुला?"

तिनंच मग कणसं सारखी केली, एकेक लोंबी चारी बाजूंनी सोडली. खरं सांगते, टेबल फार देखणं दिसलं.

साहेब आणि त्यांच्या मालतीबाई खुर्च्यांवर बसून जेवले, आम्ही भिंतीला टेकून उभे. तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण. साहेब माणूस वाईट नव्हता, पण दादानं शेताचं नाव काढलं की तो खाली मान घालून घास मोठा घ्यायचा. मालतीबाई मात्र सारख्या कणसांकडे बघत होत्या. निघताना म्हणाल्या, "किती गोड दिसतंय हे! मी नेऊ? आमच्या टेबलावर ठेवीन."

"न्या की बाईसायेब! शेतात ढीग हाय."

मी दादाला कोपरानं ढोसलं, पण तो मेला कसला ऐकतो! मालतीबाईंनी तांब्यातली कणसं उचलून घेतली.

जीपमध्ये बसता बसता साहेब थांबले. "देवजी, आधीच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. तुमचं शेत जातंय. वरूनच ठरलंय, माझ्या हातात काही नाही. यंदाचं भात तेवढं कापून घ्या."

आणि परक्या पुरुषासमोर कधी तोंड न उघडणारी आमची वहिनी तरातरा जीपपाशी गेली. हात पुढे केला. "बाई, आमचं नवं परत द्या."

"अगं, पावन्याला दिलेलं कोन परत मागतं?" दादा ओरडला.

"मी मागते. शेत गेलं. हे नाय देनार."

मालतीबाईंनी कणसं तिच्या हातात दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्याचं आम्ही काय करणार होतो?

वहिनीनं पाटावर चढून नवं पुन्हा दारावर बांधलं. भात कापून झालं. उन्हाळ्यात शेतात हद्दीच्या खुंट्या आल्या, मग काटेरी तारा आल्या.

पुढचा दसरा आला. मी घर सारवलं, उंबरा धुतला आणि सवयीनं चौकटीवरचं काढायला हात वर केला. दाणे चिमण्यांनी कधीच खाल्ले होते, नुसत्या काड्या राहिल्या होत्या. वहिनीनं माझा हात धरला.

"नको काढू गो," म्हणाली. "तिथं दुसरं काय लावशील?"