पुढे बांधलेली गाठ

अमेरिकेत, सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये हॉलच्या भिंतीवर एक जपानी बाई होती. लाकडी ठशांनी छापलेलं चित्र, मी गराज सेलमधून आणलेलं. अंबाड्यात काटेच काटे, इवलंसं तोंड आणि पोटावर कमरपट्ट्याची भलीमोठी गाठ. मला ती फार आवडायची. दिवसभर घरात दुसरं होतं तरी कोण?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समोरच्या काकू आल्या. त्यांना ती जपान्यांची लक्ष्मीच वाटली. त्यांनी काचेवर हळदकुंकू लावलं, मग बाकीच्या बायकांनीही लावलं. नवरा खूश. "राहू दे, पुसू नकोस," म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याच्या ऑफिसातला जपानी मित्र जेवायला आला. चित्र बघून त्यानं सहज सांगितलं, की गाठ पुढे बांधलीय म्हणजे ही नावाजलेली गणिका. अशा मुलींना आईबापच लहानपणी विकायचे. नवरा हसला. ते हसू मला माहीत होतं.

पाहुण्याची गाडी वळली आणि नवऱ्यानं फ्रेम ओढून टेबलाच्या कडेवर आपटली. "यू न्यू! माहीत होतं तुला! बाजारातल्या बाईची पूजा करवलीस माझ्या घरात? महाराष्ट्र मंडळात काय तोंड दाखवू?" मी चित्र उचलायला वाकले तर केस धरून त्यानं मला काचांवरच दाबलं. तळहात फाटला. मग थोबाडीत, मग पाठीत लाथ. मार नवा नव्हता. पण त्या दिवशी मला भीती वाटायच्या आधी संताप आला. फ्रेमची तुटकी पट्टी उचलून मी त्याच्या मनगटावर जीव खाऊन हाणली. तो किंचाळला. मला बरं वाटलं, आजही वाटतं.

आवाज ऐकून काकू धावत आल्या. "काही नाही काकू, ही जरा स्लिप झाली," तो म्हणाला.

"पडलीस का गं?" काकूंनी मला विचारलं. याआधी मी दरवेळी कॅबिनेटचं दार लागलं म्हणून त्यांच्याकडे बर्फ मागायला गेले होते. आताही हो म्हटलं असतं तर जन्मभर तेच म्हणत राहिले असते.

"नाही. यानं मारलं. नेहमी मारतो."

"काकू, ती चित्रातली बाई कोण आहे माहितेय का तुम्हाला?" तो ओरडला.

"कोण का असेना. कुंकू मी लावलंय तिला." काकूंनी काचांतून चित्र सोडवून माझ्या हातात दिलं. "चल. पासपोर्ट कुठंय तुझा?"

"याच्या ब्रीफकेसमध्ये. कुलूप असतं."

"मग ब्रीफकेसच घे," काकू म्हणाल्या. मी रक्ताळल्या हातानं ती उचलली.