तांब्यावरचं नाव

सन दोन हजार तेरा, मी सत्तर वर्षांचा. नातीच्या लग्नपत्रिकेचा नमुना मुलाने हातात दिला. सोनेरी, वळणदार अक्षरं. एकेकाची शेपटी वेलीसारखी पुढच्याच्या गळ्यात. देखणी होती, खोटं कशाला बोलू. मी दुसरीपर्यंत शिकलेला, बोट ठेवून वाचणारा. आशीर्वादाच्या जागी माझ्या वारलेल्या बायकोचं नाव होतं म्हणे. ते काही केल्या मला सापडेना.

"आबा, पत्रिका वाचतंय कोण? ती बघायची असते," मुलगा म्हणाला.

"मग मांडव काय वास घेत शोधायचा लोकांनी?"

संध्याकाळी पाणी पिताना बायकोचा तांब्या हातात आला. त्यावर भांडीवाल्याने ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव, सौ. अनसूया. ओबडधोबड, पण डोळे मिटले तरी बोटाला लागणारं. वाटलं, लग्नात अक्षरांनीही नटावं, माझी ना नाही. पण जे माणूस मांडवात येऊन 'मी आले' म्हणू शकत नाही, त्याचं नाव तरी साध्या अक्षरात असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या पिशवीत घालून मी छापखान्यात गेलो आणि नाव समोर येईल असा टेबलावर ठेवला.