विसावं नख

आमचा कुत्रा वीसनखी आहे. मागच्या दोन्ही पायांना, आतल्या अंगाला, एकेक जास्तीचं नख. काकांनी एका मेंढपाळाकडून तो आणला तोच त्या नखांसाठी. असा कुत्रा राखणीला पक्का, लांडगाही त्याच्या वाटेला जात नाही, असं आमच्याकडे मानतात.

बाकीची नखं चालून झिजतात. ही दोन जमिनीला टेकत नाहीत, म्हणून वाढतात आणि गोल वळतात. दिवाळीनंतर तो डावा पाय सारखा चाटू लागला. केस बाजूला केले, तर नखाचं टोक कातडीत रुतायला आलं होतं. तिथे बोट लावलं की तो पाय ओढून घ्यायचा.

मी आईला सांगितलं, आईने काकांना. ते आले तेव्हा शेळ्यांचे खूर कापायचा चाकू त्यांच्या हातात होता.

"बाकीची काप. त्या नखाला हात लावायचा न्हाई. त्याचं सगळं पाणी तिथंच हाय. इंग्रजी शाळेत हे शिकवत न्हाईत."

मी नुसती मान हलवली. त्यांना ती पटली नसावी. माझं पार्सल आलं तेव्हा आत काय आहे, हे त्यांनी दोनदा विचारलं. हेडफोन, मी म्हणाले. रोज संध्याकाळी ते कुत्र्याच्या पायांवरून हात फिरवायचे. मला ती माया वाटायची. मग एकदा त्यांचे ओठ हलताना दिसले. ते नखं मोजत होते.

एका दुपारी ते वडवणीच्या बाजाराला गेले. आईने कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला भाकरी चारत राहिली. मी नवं नेलकटर काढलं. नख काळं, आतली रक्ताची शीर दिसत नव्हती. म्हणून व्हिडिओत पाहिलं होतं तसं अगदी थोडं थोडं कापायचं आणि दर वेळी कापलेली बाजू बघायची. मधोमध ओलसर काळा ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर दाबून धरायला वाटीत कणीक ठेवली होती. ती लागली नाही.

उजवा पाय हातात घेतला आणि फाटक वाजलं. मी नेलकटर ओढणीखाली सरकवलं.

काका सरळ कुत्र्याजवळ बसले. मोजत मोजत डाव्या पायाशी थांबले.

"कापलंस."

"फक्त टोक. नख आहे."

त्यांनी कातडीवरचा लाल वळ अंगठ्याने दाबला. कुत्र्याने पाय ओढला नाही. त्यांनी पुन्हा दाबला. मग आईला उठवून ते तिच्या जागी बसले आणि शेळी धरतात तसा उजवा पाय घट्ट धरला.

"आण तुजं हेडफोन."

मी कापत असताना त्यांनी एकदाही पापणी हलवली नाही. झाल्यावर चारही पाय पुन्हा मोजले.