डब्यातले नवे कपॅसिटर

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. औरादला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्याच दुकानात कोपऱ्यात तिचा जुना कॉम्प्युटर. लोकांचे अर्ज टाइप करायची. मी चौथी शिकलेला, ती दहावी. शेवटच्या वर्षी रोज दुपारी स्वतःचंच काहीतरी लिहायची. विचारलं तर म्हणायची, "झालं की वाचून दाखवते. मधी डोकावू नका."

झालं न्हाई. ती गेल्यावर मी त्या कोपऱ्याकडं गेलोच न्हाई. परवा बटण दाबलं तर कॉम्प्युटर मुका. पॉवर सप्लाय खोलला. दोन कपॅसिटर डोक्याला फुगलेले, बुडाशी तपकिरी चिकटा.

उदगीरची लेक फोनवर म्हणाली, "अप्पा, कामून जीव काढायलाव? डिस्क दुकानात द्या, आतलं लिहिलेलं काढून देतेत."

"तुझ्या आईचं लिहिलेलं आधी परक्यानं वाचायचं व्हय?"

"मग जाळू तरी नका. दुसरीकडं कुठंच न्हाई ते."

तीच भीती होती. सप्लाय बिघडून जास्त व्होल्टेज गेलं की डिस्क खलास. म्हणून नुसता सप्लाय बाहेर काढून, डिस्क न जोडता तपासायचं ठरवलं.

माझ्या डब्यात कपॅसिटर होते, वीसेक वर्षांचे, कधी न लावलेले. न वापरलेलं म्हणजे नवं, असंच मी जन्मभर धरत आलो. सोल्डर करून सप्लाय चालू केला. पाच मिनिटांत एक तापून फुस्स झाला. डिस्क जोडली असती तर?

डबा घेऊन गुलबर्ग्याला पार्टच्या दुकानात गेलो. डबा बघून दुकानदार हसला.

"काका, हे कुठं खणून काढलाव?"

"नवे हायेत. पिना बघ की, चकचकीत."

"पिनांना काय विचारताव? नुसतं ठेवलं तरी आतलं पाणी वाळतंय."

ताजे घेऊन आलो. बसवताना वजाची पट्टी दोनदा बघितली, उलटा बसला की फुटतो. सिरीजला लावलेला बल्ब एकदा चमकला आणि मंदावला, म्हणजे शॉर्ट न्हाई. मीटरवर बारा व्होल्ट, पाच व्होल्ट, बरोबर. तासभर चालवला, बंद करून हात लावला. गार. मगच डिस्कची वायर जोडली.

लागला कॉम्प्युटर. फाइल सापडली. अक्षर अक्षर जुळवून वाचतो, रोज एक पान. आज चौथ्या पानावर तिच्या लिहिण्यात मी आलो. लिहिलंय, ‘मालक रागीट आहेत, पण भाकरी करपली तरी मुकाट्यानं खातात.’

खोटं हाय. दर वेळी बोललो मी, लागेल असं बोललो. तिनं ते गाळलं.