रुमालाची जागा

आमच्या गावच्या समुद्रावरच्या बागेत उंडीच्या झाडाखाली एक बाक होतं आणि त्या बाकावर रोज सकाळी एक रुमाल असायचा. रुमाल एका साहेबांचा. मुंबईत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन इथे बंगला बांधून राहिलेले. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी हे बागेत जागा धरायचे. रुमाल पसरायचा, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चाव्यांचा जुडगा ठेवायचा आणि फेऱ्या मारायला जायचं. मग सबंध बाक रिकामं असलं तरी तिथे कुणी बसायचं नाही.

माझी आई बसली. जन्मभर प्राथमिक शाळेत उभं राहून शिकवलेली बाई, गुडघे कामातून गेलेले. तिनं रुमाल नीट घडी करून बाजूला ठेवला आणि जरा टेकली. तेवढ्यात साहेब आले. "उठा. रुमाल दिसत नाही का?"

आई म्हणाली, "बसा ना, जागा आहे की."

"तुम्हा लोकांना बसायला तुमचं बुद्धविहार आहे ना?"

आई उठली. ती उठल्यावर त्या माणसानं हातातल्या बाटलीतलं पाणी बाकावर ओतलं आणि बाक पुसलं. मी शेजारीच उभी होते. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मला तोंड उघडता आलं नाही.

त्यानंतर तिनं बाग सोडली. घराच्या अंगणातच येरझाऱ्या घालायची. "बागेत काय ठेवलंय, डासच हायत नुसते," म्हणायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भांडून काय मिळणार? चार लोक त्यालाच खुर्ची देतील. मी ठरवलं, याची जिरवायची, आणि त्याच झाडाखाली जिरवायची.

माझा धंदाच तसा आहे. मी बागांसाठी खेळणी बनवते, पण पोरांची नाहीत, मोठ्यांची. दोन अनोळखी माणसांनी मिळून फिरवलं तरच वाजणारी घंटा, असलं काहीबाही. एकट्यानं हात लावला तर काही होत नाही, हीच त्यातली मेख. बागेच्या दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा मी गावकऱ्यांच्या बैठकीत चित्र घेऊन उभी राहिले. सीसॉचं बाक. दोन टोकांना दोन बैठका, धरायला मुठी, खाली स्प्रिंगा. रिकामं असताना सपाट. दोघं बसले तरी सपाट. वजन कमीजास्त असलं तर एकमेकांना सांगून जरा पुढेमागे सरकायचं, म्हणजे बोलणं आलंच. एकटाच बसला तर मात्र त्याची बाजू हळूहळू पार जमिनीशी जाते. "माणसं एकमेकांना धरून राहतील," असं मी गोड आवाजात म्हटलं. टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या. म्हटलं, वाजवा, वाजवा.

जुनं बाक गंजलेलंच होतं. ते काढलं आणि नवं तिथेच, उंडीखाली बसवलं.

मग मी रोज सकाळी बागेत हजर. कोळणी बसल्या, कॉलेजची पोरं बसली, हसली. साहेब मात्र जुन्या सवयीनं एका टोकाला रुमाल टाकून, वर चाव्या ठेवून फिरायला गेले. परत आल्यावर रुमालावर बसले आणि गेले की खाली! समोरचं टोक वर. त्या वेळी त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हात देऊन उठवलं. माझा जीव थंड झाला का? छे. माझं एवढ्यावर भागणार नव्हतं. मला त्यांच्या तोंडून विनंती ऐकायची होती, आणि ती माझ्या आईनं ऐकायला हवी होती. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

"लेकीनं काय बनवलंय ते एकदा बघ तरी," असं म्हणून म्हणून मी आईला एका सकाळी आणलीच. साहेबांची रुमालाची सवय काही सुटली नव्हती; पुन्हा एकटेच बसून खाली गेलेले, गुडघे हनुवटीशी, तोंड लाल. आसपास कुणी नव्हतं. आम्ही जवळ गेलो. त्यांनी आईला ओळखलं, ते डोळ्यांतच दिसलं. मग म्हणाले, "बाई, त्या बाजूला जरा बसता का? मला उठता येत नाही हो."

बसता का! मी किती वाट बघितली होती. पण आईचा स्वभाव मला ठाऊक. शाळेत मारकुट्या पोरालासुद्धा पट्टी बांधणारी ती. आता बसणार ही, आणि वर गुडघ्याला कुठलं तेल लावा ते सांगणार.

आई वरच्या टोकापाशी गेली. कमरेचा रुमाल काढला, बैठकीच्या मुठीला बांधला आणि वाऱ्यानं सुटू नये म्हणून आणखी एक गाठ मारली.

"जागा धरलीय मी," ती म्हणाली. "येते फिरून."

"अहो, पण मी..."

"रुमाल दिसत न्हाय का?"

आणि माझ्या दंडाला धरून ती निघाली. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की चालता येईना. पाठीमागून हाका येत होत्या. गुडघा ठणकत होता तिचा, पाय ओढत होती, तरी बागेची पूर्ण फेरी मारली, आणि उंडीपाशी आल्यावर न थांबता दुसरी सुरू केली.